म्हैसूरची मांडणी

चैत्र महिन्यात मराठी घरांतून गौर मांडली जाते. पितळेच्या पाळण्यात अन्नपूर्णा बसते, तिच्यापुढे पायऱ्या रचल्या जातात, आणि वर्षभर कपाटांत व फडताळांत पडून असलेल्या चित्रांना, खेळण्यांना आणि शोभेच्या भांड्यांना त्या दिवशी मानाची जागा मिळते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका कैरीची डाळ खातात, पन्हे पितात आणि आरास निरखून पाहतात. दिवाळीत मुले मातीचा किल्ला रचतात, तेव्हाही हेच घडते. बुरुजावर मावळा, पायथ्याला गवळण, तळ्याकाठी बदक, असे प्रत्येकाचे स्थान ठरलेले असते, आणि ते कोणी हलवले तर भांडण जुंपते. वस्तू जवळ असणे माणसाला पुरत नाही. त्या कोणत्या क्रमाने असाव्यात हेही त्याला ठरवावेसे वाटते.

ही ओढ सर्वत्र आहे; परंतु तिचा इतिहास एकाच नगरीत सलग पाहावयाचा असेल तर म्हैसूरकडे वळावे लागते. तेथील नवरात्रात या मांडणीला सणाचे पूर्ण रूप आले आहे. कन्नडमध्ये त्याला ‘गोंबे हब्ब’, म्हणजे बाहुल्यांचा सण, असे म्हणतात. तीन, पाच, सात, नऊ अशा विषम संख्येच्या पायऱ्या रचून त्यांवर वस्त्र अंथरतात. मानाची जागा असते ती ‘पट्टद गोंबे’ या राजाराणीच्या लाकडी जोडीची. ही जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते, आणि तिच्या नव्या घरातला सण त्या जोडीपासून सुरू होतो. देवदेवतांच्या खालच्या पायऱ्यांवर मनुष्यांचा संसार असतो. दुकान थाटून बसलेला वाणी आणि त्याची बायको, त्यांच्यासमोर डाळतांदळाच्या चिमुकल्या राशी, लग्नाची वरात, बाजार, चूल आणि भांडी. वर स्वर्ग, खाली बाजार, आणि दोहोंच्या मध्ये राजा, अशी ही जगाची उतरंड दरवर्षी नव्याने रचली जाते. म्हैसूरच्या राजवाड्यातही ‘गोंबे तोट्टी’ नावाचे बाहुल्यांचे दालन आहे.

या नगरीत मांडणीचा छंद एका राजाच्या हयातीत विशेष बहरला, आणि त्या राजाची कथा मोठी विलक्षण आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान धारातीर्थी पडला, आणि इंग्रजांनी म्हैसूरच्या गादीवर जुन्या वडियार घराण्यातील एका बालकाला बसविले. त्याचे वय अवघे पाच वर्षांचे होते. तिसरे कृष्णराज वडियार ते हेच. कन्नडमध्ये त्यांना ‘मुम्मडी कृष्णराज’ म्हणतात. मुम्मडी म्हणजे तिसरे. दिवाण पूर्णय्यांनी १८११ पर्यंत राज्य सांभाळले. त्यानंतर वीस वर्षे महाराजांनी स्वतः कारभार पाहिला. १८३० साली नगर प्रांतात रयतेचे बंड झाले, आणि त्याचे निमित्त करून १८३१ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर जनरल बेंटिंक याने महाराजांच्या हातून राज्यकारभार काढून घेतला. राजपद राहिले, राजवाडा राहिला, तनखा राहिला. सत्ता मात्र इंग्रज कमिशनरांकडे गेली आणि कारभाराचे ठाणे बंगळुरास हलले. ज्या दप्तरांत कन्नडबरोबर मराठीचाही वावर होता ती दप्तरे आता दुसऱ्याच्या सहीने चालू लागली. दप्तर बंगळुरास गेले आणि दरबार म्हैसुरास उरला.

महाराजांचे वय तेव्हा सदतीस वर्षांचे होते, आणि पुढे जवळजवळ तेवढीच वर्षे त्यांना जगावयाची होती. १८६८ साली त्यांचा देहान्त झाला. राज्य परत मिळावे यासाठी त्यांचे अर्ज आणि खलिते अखेरपर्यंत चालूच होते. पण रोजचा दिवस खलित्यांनी भरत नाही. राज्यात काय कोठे असावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती उरला नव्हता, त्याने ग्रंथात, भिंतीवर आणि पटावर काय कोठे असावे हे ठरविण्यास आरंभ केला.

त्यांच्या आश्रयाने सिद्ध झालेला ‘श्रीतत्त्वनिधि’ हा सचित्र ग्रंथ म्हणजे या उद्योगाचा मुकुटमणी होय. त्याचे नऊ भाग असून प्रत्येकाला ‘निधि’ असे नाव आहे. शक्ति, विष्णु, शिव, ब्रह्म, ग्रह, वैष्णव, शैव, आगम आणि शेवटचा कौतुक. देवतांची ध्याने श्लोकांत द्यावयाची आणि शेजारी त्यांची रंगीत चित्रे काढावयाची, अशी त्याची पद्धती. एकट्या गणपतीची बत्तीस रूपे त्यात क्रमाने लावली आहेत. कोणत्या हातात परशू, कोणत्या हातात मोदक, वर्ण तांबडा की सोनेरी, याविषयी कोठेही संदिग्धता नाही. सरकारी खतावणीत जशी प्रत्येक रकमेला तिची ओळ असते, तशी येथे प्रत्येक देवतेला तिची चौकट आहे. पुढे या ग्रंथाचे काही भाग मुंबईच्या श्रीवेंकटेश्वर छापखान्यात छापले गेले आणि ते महाराष्ट्रातही पोहोचले.

विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे तो नववा भाग, कौतुकनिधि. देवांची मोजदाद संपल्यावर महाराज मनुष्याच्या आवडीनिवडींकडे वळले. योगासनांची १२२ चित्रे या भागात आहेत. आणि खेळही आहेत. बुद्धिबळ आणि गंजिफा यांत महाराजांनी नवेनवे प्रकार रचले. गंजिफा हा खेळ मराठी श्रोत्यांना अपरिचित नाही. सावंतवाडीचे चित्रकार आजही लाखेच्या गोल पानांवर दशावतार रंगवितात. त्या दशावतारी खेळात दहा रंग आणि एकशेवीस पाने. म्हैसूरच्या महाराजांनी हा पसारा वाढवीत एका खेळात अठरा रंग आणि तीनशेसाठ पाने इथपर्यंत नेला. इतकी पाने हातात धरून खेळावयाचे कोणी? राजवाड्याबाहेर हे खेळ फारसे रुजले नाहीत, आणि त्यात नवल नाही. ते खेळण्यापेक्षा लावून पाहण्यासाठीच अधिक होते. बुद्धिबळाच्या घोड्याने आपल्या अडीच घरांच्या चालीने पटावरील प्रत्येक घरी एकदाच जावे, एकही घर वगळू नये, या प्रसिद्ध कोड्याचेही महाराजांना वेड होते, आणि त्याचे अनेक उलगडे त्यांनी रचले. राज्यातला एक तालुकाही ज्याच्या हुकुमात नव्हता, त्याचा घोडा पटावरील चौसष्ट घरे अशी न चुकता फिरत असे.

१८६१ साली त्यांनी बांधलेल्या जगन्मोहन राजवाड्याच्या भिंतींवर हीच वृत्ती दिसते. तेथे वडियार घराण्याची वंशावळ एका विशाल कमळाच्या रूपाने रंगविलेली आहे, आणि पूर्वजांना त्या कमळात आपापली पाकळी मिळाली आहे. दत्तक पुत्राला इंग्रज सरकार मान्यता देईल की नाही याची विवंचना याच सुमारास महाराजांना होती, हे लक्षात घेतले म्हणजे ते कमळ केवळ शोभेचे उरत नाही. ती एक कैफियतच ठरते. ही कैफियत फुकट गेली नाही. १८६५ साली घेतलेल्या दत्तकाला मान्यता मिळाली आणि १८८१ साली राज्य त्या दत्तक पुत्राच्या, चामराज वडियारांच्या, हाती परत आले.

महाराजांचा हा छंद आकाशातून पडलेला नव्हता. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. पाच विंशती, शंभर अध्याय. त्यांत राज्य कसे मिळवावे येथपासून अन्न कसे शिजवावे, खेळ कसे खेळावे येथपर्यंत सर्व विषय ओळीने लावले आहेत. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही मराठी माणसाला जिव्हाळ्याची वाटणारी नोंद त्याच ग्रंथातली. परंतु या नोंदीतच अशा राजग्रंथांची मर्यादाही दिसते. कांडणाऱ्या बाईची ओवी राजाच्या ग्रंथात शिरली. तिचे उखळ आणि मुसळ मात्र दाराबाहेरच राहिले. कौतुकनिधीतही राजाच्या खेळाला पान मिळाले, कुणबिणीच्या सुपाला मिळाले नाही. मांडणी ही कधीच निष्पक्ष नसते. कोण वरच्या पायरीवर, कोण खालच्या, आणि कोणाला पायरीच नाही, याचा निवाडा तिच्यात झालेला असतो.

हे उखळ राजवाड्यात कसे शिरले त्याचीही एक कथा आहे. १८९७ साली राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या विवाहसोहळ्याच्या दिवसांत म्हैसूरच्या जुन्या लाकडी राजवाड्याला आग लागून तो भस्मसात झाला. त्याच जागी हेन्री आयर्विन या वास्तुशास्त्रज्ञाच्या आराखड्याप्रमाणे दगडी राजवाडा उभा राहिला. तो १९१२ मध्ये पुरा झाला. दरम्यान, १९०५ साली, त्याच राजकन्येसाठी कुक्करहळ्ळीच्या तळ्यापलीकडील टेकाडावर ‘जयलक्ष्मी विलास’ हा प्रासाद बांधण्यात आला. कालांतराने संस्थाने गेली, प्रासाद ओस पडले, आणि ही वास्तू म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात आली. १९६८ साली तेथे लोकसंस्कृतीचे संग्रहालय सुरू झाले. जवरेगौडा आणि जी. शं. परमशिवय्या या अभ्यासकांनी त्यासाठी खपून काम केले. त्यांच्या जोडीला पी. आर. तिप्पेस्वामी हे होते. ते व्यवसायाने चित्रकार. निसर्गचित्रे काढणाऱ्या या माणसाने खेडोपाडी हिंडून वस्तू गोळा केल्या, कारण आकार आणि रंग यांचे सौंदर्य नांगरात आणि रवीतही असते हे त्यांच्या डोळ्यांना दिसत होते.

आज त्या संग्रहात साडेसहा हजारांहून अधिक वस्तू आहेत. शेतीची अवजारे, धान्य मोजण्याची मापे, स्वयंपाकाची भांडी, दिवे, चामड्याच्या बाहुल्या, यक्षगानाचे पोशाख. कुवेंपू, शिवराम कारंत यांसारख्या साहित्यिकांच्या नित्य वापरातील वस्तूही तेथे जपल्या आहेत. राजकन्येच्या दिवाणखान्यात कुणब्याचे घर मांडले गेले. पायऱ्यांची उतरंड उलटी झाली म्हणा ना!

महाराष्ट्रात हेच कार्य पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी एकट्याच्या हिंमतीवर केले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, कोरीव दारे यांचा ध्यास घेतला. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, आणि वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह त्या मुलाच्या नावाने उभा राहिला. म्हैसूरच्या राजाचे राज्य गेले होते. पुण्याच्या कवीचा ‘राजा’ गेला होता. दोघांनीही हातून निसटलेल्याच्या जागी वस्तू मांडल्या. संग्रह हा लोभाचा आविष्कार आहे असे पुष्कळदा म्हटले जाते. या दोघांकडे पाहिले तर तो शोकाचाही असू शकतो, हे मान्य करावे लागते.

मात्र अशा जपणुकीचे मोलही द्यावे लागते. काचेच्या कपाटातल्या उखळात कोणी कांडत नाही, अडकित्त्याने कोणी सुपारी कातरीत नाही. वस्तूला मान मिळाला की तिचे काम सुटते. नोंदवहीतला क्रमांक तिला नष्ट होऊ देत नाही आणि कोणाच्या हातीही लागू देत नाही. संग्रहालयांनी हे मोल जाणूनबुजून दिलेले आहे. न दिले तर त्या वस्तू भंगारात किंवा चुलीत गेल्या असत्या.

या पेचातून म्हैसूरच्या गृहिणीने फार पूर्वीच आपल्यापुरती वाट काढली आहे. ती वस्तू मांडते, पण कायमची मांडून ठेवीत नाही. दहा दिवस तिच्या ओसरीवर सारे जग आपापल्या पायरीवर असते. विजयादशमीच्या रात्री ती पायऱ्यांवरची एक बाहुली हलकेच आडवी करते. जगाला निजविण्याची ही रीत आहे. दुसऱ्या दिवशी वाणी, वरात, देव आणि राजाराणी एकेक करून जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळले जातात आणि एकाच पेटीत शेजारी शेजारी जातात. पेटीत वरची पायरी नसते, खालची नसते. पुढच्या आश्विनात कोणाला कोठे बसवावयाचे, हे त्या घरची बाई पुन्हा नव्याने ठरविते. आणि एखादी नवी बाहुली आणली असेल, तर जुन्यांना थोडे सरकवून ती तिच्यासाठी जागा करते.