शिन-ओहाशी पुलावरील अवचित सर

जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) याचे १८५७ मधील काष्ठठसा-मुद्राचित्र. ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ या मालिकेतील हे चित्र सुमिदा नदीवरील लाकडी पूल व पलीकडचा आताके किनारा दाखवते.

रचना उभी आहे. पूल एका दिशेला झुकतो, तर क्षितिज दुसऱ्या. त्यामुळे चौकटीत एकही आडवी रेषा स्थिर वाटत नाही आणि पाहणाऱ्याचाही तोल किंचित ढळतो. पाऊस म्हणजे केवळ बारीक काळ्या रेषा, पण त्या दोन किंचित वेगळ्या कोनांत एकमेकींना छेदतात. सरीचा जोर त्यातूनच येतो. वरच्या कडेला ठशावरची शाई पुसत नेऊन गडद ढग उतरवला आहे. पैलतीर नुसती करडी छाया. पुलावरची माणसे छत्र्यांखाली अंग चोरून पळतात, चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. भाव चेहऱ्यांवर नसून पाठीच्या वाकांत आहे. खाली तराफा हाकणारा मात्र आपल्या कामात.

फान गॉखने १८८७ मध्ये पॅरिसमध्ये याची तैलरंगात नक्कल केली. तिच्यात रंग भडक झाले, पाण्याला ब्रशच्या फटकाऱ्यांची खळबळ आली, आणि मूळ चित्रातला सपाट गारवा हरवला.