ईडन एडिटर

ईडन एडिटर हे 'आर्मा ३' या लष्करी शूटर प्रकारच्या व्हिडिओ गेममधील मोहिमा तयार करण्याचे साधन आहे. चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने ते विकसित केले. १८ फेब्रुवारी २०१६ रोजी गेमच्या १.५६ या आवृत्तीसोबत ते सर्व खेळाडूंना विनामूल्य मिळाले. सैनिक, वाहने व इमारती मांडणे, त्यांना हुकूम देणे आणि जय-पराजयाच्या अटी ठरवणे ही कामे या एडिटरमध्ये त्रिमितीय दृश्यात करता येतात. साध्या मोहिमेसाठी प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नसते.

पार्श्वभूमी

बोहेमिया इंटरॅक्टिव्हने २००१ साली 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट: कोल्ड वॉर क्रायसिस' हा गेम तयार केला. त्यासोबत खेळाडूंसाठी मोहीम एडिटरही दिलेला होता. त्यात सपाट नकाशावर चिन्हे ठेवून मोहीम रचली जाई. हीच पद्धत 'आर्मा: आर्म्ड असॉल्ट' (२००६), 'आर्मा २' (२००९) आणि सप्टेंबर २०१३ मध्ये आलेला 'आर्मा ३' या पुढील गेममध्ये चालू राहिली. सपाट नकाशावर उंचीचा अंदाज येत नसे. त्यामुळे एखादा पहारेकरी गच्चीवर किंवा दुसऱ्या मजल्यावर उभा करायचा असल्यास अंदाजाने आकडे भरून पुन्हा पुन्हा चाचणी घ्यावी लागे. ईडन एडिटरने ही अडचण दूर केली. त्यात वस्तू जेथे दिसते तेथेच ठेवता येते व चुकलेली कृती मागे घेता येते.

मोहीम आणि मॉड

नवशिक्यांच्या मनात या दोन संकल्पनांची अनेकदा गल्लत होते. मोहीम गेममध्ये आधीच असलेले प्रदेश, सैनिक व शस्त्रे वापरून रचली जाते. मॉडमध्ये नवे प्रदेश, नवी शस्त्रे, नवे ध्वनी अशी गेममध्ये मुळात नसलेली सामग्री घातली जाते व त्यासाठी वेगळी साधने लागतात. ईडन एडिटर मुख्यतः पहिल्या कामासाठी आहे. मात्र मॉडमधून आलेली सामग्रीही त्याच्या यादीत दिसते व मोहिमेत वापरता येते.

रचना

एडिटर उघडताना प्रथम प्रदेश निवडावा लागतो. 'आर्मा ३'मधील मुख्य प्रदेश अल्टिस व स्ट्रॅटिस ही दोन काल्पनिक बेटे असून ती अनुक्रमे ग्रीसच्या लिम्नोस व आयियोस एफस्त्रातियोस या बेटांवर बेतलेली आहेत. अल्टिसचे क्षेत्रफळ सुमारे २७० चौ. किमी, तर स्ट्रॅटिसचे सुमारे २० चौ. किमी आहे. 'व्हर्च्युअल रिॲलिटी' नावाचा मोकळा सपाट प्रदेशही असतो. चाचणीसाठी तो सोयीचा पडतो.

मोहिमेचे मुख्य घटक पुढीलप्रमाणे आहेत :

वस्तू : सैनिक, वाहने, इमारती व इतर साहित्य. सैनिक ब्लूफोर, ऑपफोर, स्वतंत्र आणि नागरिक या चार पक्षांत विभागलेले असतात.
वेपॉइंट : तुकडीने कोठे जावे व तेथे काय करावे हे सांगणारे बिंदू.
ट्रिगर : नकाशावरील एखाद्या क्षेत्रात ठरावीक अट पूर्ण झाल्यास परिणाम घडवणारा घटक.
मॉड्यूल : उद्दिष्ट देणे, हवाई साहाय्य पुरवणे अशी तयार कामे.
मार्कर : खेळाडूला नकाशावर दिसणाऱ्या खुणा.

पहिली मोहीम

पहिल्या प्रयत्नासाठी एक लहान गाव आणि मोजके सैनिक पुरेसे असतात. उदाहरणार्थ, स्ट्रॅटिसवरील आयिया मरीना हे गाव घेता येईल. गावाबाहेर ब्लूफोरची एक तुकडी ठेवून तिच्यातील एक सैनिक खेळाडूच्या हाती दिला जातो. गावात ऑपफोरचे दोन-तीन सैनिक ठेवून त्यांना वेपॉइंट दिले जातात. शेवटचा वेपॉइंट 'सायकल' प्रकारचा ठेवल्यास ती तुकडी त्याच वाटेने अखंड गस्त घालत राहते.

यानंतर संपूर्ण गाव व्यापेल एवढा ट्रिगर ठेवला जातो. त्याच्या गुणधर्मांत पक्ष म्हणून ऑपफोर, सक्रिय होण्याची अट म्हणून 'नॉट प्रेझेंट' आणि प्रकार म्हणून मोहिमेचा शेवट निवडला की, त्या क्षेत्रात शत्रू उरला नाही म्हणजे मोहीम संपते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ट्रिगर शत्रू मारला गेला की नाही हे पाहत नाही, तो क्षेत्रात आहे की नाही एवढेच पाहतो. गस्तीची वाट क्षेत्राबाहेर जात असेल, तर एकही गोळी न झाडता मोहीम यशस्वी ठरू शकते.

खेळाडूला उद्दिष्ट दिसावे यासाठी उद्दिष्ट निर्माण करणारे व त्याची स्थिती बदलणारे अशी दोन मॉड्यूल वापरली जातात. पहिले खेळाडूशी जोडले जाते, तर दुसरे पहिल्याशी आणि ट्रिगरशी जोडले जाते. ही जोडणी उजव्या क्लिकने उघडणाऱ्या यादीतून करता येते. एडिटरमधूनच मोहीम खेळून पाहता येत असल्याने प्रत्येक बदलानंतर लगेच चाचणी घेणे सोयीचे ठरते.

फाइल आणि स्क्रिप्ट

प्रत्येक मोहिमेचे एक स्वतंत्र फोल्डर असते व त्याच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन प्रदेशाचे नाव येते. एडिटरमध्ये केलेली मांडणी 'मिशन.एसक्यूएम' या फाइलमध्ये साठवली जाते. मोहिमेची सर्वसाधारण माहिती व नियम 'डिस्क्रिप्शन.ईएक्सटी' या फाइलमध्ये लिहितात. अधिक गुंतागुंतीच्या घटनांसाठी एसक्यूएफ ही स्क्रिप्ट भाषा वापरली जाते. 'इनिट.एसक्यूएफ' ही फाइल फोल्डरमध्ये असल्यास मोहीम सुरू होताना तिच्यातील आज्ञा आपोआप पाळल्या जातात.

नेहमी होणाऱ्या चुका

अनेक खेळाडूंच्या मोहिमेत 'इनिट.एसक्यूएफ' प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर चालते. त्यामुळे एक वाहन निर्माण करण्याची आज्ञा तेथे लिहिल्यास एकाऐवजी अनेक वाहने निर्माण होऊ शकतात. अशा आज्ञा फक्त सर्व्हरवर चालतील अशी अट घालणे आवश्यक असते. ट्रिगरसाठीही हा पर्याय दिलेला आहे.

दुसरी चूक मॉडशी संबंधित आहे. एखाद्या मॉडमधील एकच वस्तू मोहिमेत ठेवली, तरी ती मोहीम त्या मॉडवर अवलंबून राहते. मॉड नसलेल्या खेळाडूला ती खेळता येत नाही. तिसरी चूक अतिरेकाची. संगणक चालवत असलेल्या सैनिकांची संख्या फार वाढवल्यास गेम मंदावतो.

प्रभाव

तयार मोहीम एडिटरमधूनच स्टीम वर्कशॉपवर प्रकाशित करता येते. या खुल्या धोरणामुळे आर्मा मालिका हौशी निर्मात्यांची कार्यशाळा ठरली. डीन हॉल यांचा 'डेझी' हा 'आर्मा २'चा मॉड २०१२ साली गाजला व पुढे त्याचा स्वतंत्र गेम झाला. ब्रेंडन ग्रीन यांनी 'डेझी'वर आधारित 'बॅटल रॉयल' मॉड तयार केला, नंतर ती कल्पना 'आर्मा ३'मध्ये नेली. २०१७ साली आलेल्या 'पबजी'चे मूळ तेथे आहे. त्याच गेमची मोबाइल आवृत्ती भारतात अतिशय लोकप्रिय झाली व सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने तिच्यावर बंदी घातली.

२०१७ साली 'आर्मा ३'साठी 'लॉज ऑफ वॉर' हा विस्तार आला. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहकार्याने तयार झालेल्या या विस्तारात युद्धकाळातील मानवतावादी कायद्यांचा विषय हाताळला आहे. त्यामुळे मोहिमा रचणाऱ्यांना मानवतावादी संस्थेचे कार्यकर्ते व त्यांची वाहनेही उपलब्ध झाली.

बनावट चित्रफिती

कोणताही प्रसंग हुबेहूब रचता येत असल्याने 'आर्मा ३'मधील दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून समाजमाध्यमांवर पसरवली गेली आहेत. बोहेमिया इंटरॅक्टिव्हने नोव्हेंबर २०२२ मध्ये याविषयी निवेदन काढले. अफगाणिस्तान, सीरिया, पॅलेस्टाईन व युक्रेन यांबरोबरच भारत-पाकिस्तान संघर्षाच्या नावाखाली पसरलेल्या चित्रफितींचाही त्यात उल्लेख होता. अशी दृश्ये ओळखण्याच्या काही खुणाही कंपनीने सांगितल्या : चित्राचा दर्जा मुद्दाम कमी केलेला असणे, कॅमेरा सतत हलणे, दृश्य बहुधा अंधारातील असणे, आवाज नसणे, हालचाल करणारी माणसे न दिसणे आणि धूर वा स्फोट अनैसर्गिक वाटणे. एडिटरमध्ये एकदा स्वतः मोहीम रचलेल्या व्यक्तीला या खुणा लवकर लक्षात येतात.