१९३६ चे दोन शोध आणि आपलं शुगरचं शिबिर

आपल्याकडे शुगरचं शिबिर म्हणजे काय? बोटाला सुई, मशीनवर आकडा, चला पुढचा. लघवी बहुतेक ठिकाणी कुणी तपासतच नाही. हे का खटकतं, त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

१९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन माणसाला दिलं गेलं. तेव्हा मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा तुटवडा, एवढंच धरून चालले होते. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना ग्लुकोज पाजलं आणि त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन दिलं. काहींची साखर आवरली, काहींची चढतच गेली. म्हणजे इन्सुलिन असूनही शरीर दाद देत नाही! योगायोग बघा, त्याच वर्षी किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेहींच्या किडनीतल्या गाळण्यांमध्ये गाठी दाखवल्या. पण दोन्ही धागे बरीच वर्षं वेगवेगळेच राहिले.

१९९० मध्ये लाक्सो, बॅरन आणि सहकाऱ्यांनी पायातलं रक्त मोजलं. सडपातळ माणसाला इन्सुलिन दिल्यावर स्नायूंकडे जाणारं रक्त साधारण दुप्पट होत होतं, लठ्ठ माणसात तेवढं वाढत नव्हतं. (पुढं यावर वादही झाले, सगळ्यांना एवढी वाढ दिसली नाही.) कारण असं: इन्सुलिनच्या सांगण्यावरून रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैल होते. शरीर दाद देईनासं झालं की हे कमी पडतं. कालव्याला पाणी आहे, पण चारीचं दार अर्धंच उघडतंय, तसं.

किडनीत मात्र उलटं. स्नायू ऐकत नाहीत म्हणून शरीर इन्सुलिन वाढवतं, आणि मीठ धरून ठेवण्याचा त्याचा हुकूम किडनी बऱ्यापैकी पाळत राहते. बीपी चढतं. त्यात साखर वाढली की गाळणीत रक्त आणणारी बारीक वाहिनी रुंदावते, आतला दाब वाढतो, गाळणी जास्तच जोरात चालते. म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन नॉर्मल येतं आणि माणूस निर्धास्त होतो. अल्ब्युमिन मात्र लघवीतून गळायला लागलेलं असतं.

'मी कुठं जाड आहे' म्हणणाऱ्यांसाठी: वरून बारीक दिसणाऱ्या आपल्या लोकांतही चरबी जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कधीच दाखवून दिलंय.

तेव्हा पुढचं शिबिर भरवणाऱ्यांनो, बॅनर थोडा लहान छापा, पण बीपी बघा आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. शुगर असलेल्यांनी तर वर्षातून एकदा ते मागूनच घ्या.