इंदूरचा ड्राफ्ट्समन

राजा दीनदयाळ म्हटले की हैदराबादच आठवते. निजामाचा दरबार, शिकारीचे फोटो, दागिन्यांनी मढलेले नबाब. मागे एका लग्नासाठी इंदूरला गेलो होतो, तेव्हा मला मात्र त्यांची तिथली नोकरी आठवत राहिली. मीही सरकारी कारकून, म्हणून असेल.

दीनदयाळांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्यात, एका जैन कुटुंबात. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून १८६६ साली ते इंदूरला बांधकाम खात्यात लागले, एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून. दिवसभर नकाशे काढायचे, खर्चाचे अंदाज बांधायचे. कॅमेरा हाती आला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीला.

तेव्हाची फोटोग्राफी म्हणजे अंगमेहनतच. काचेला कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत अंधारात धुवायची. माळव्याच्या उन्हाळ्यात ही काच किती वेळ ओली राहणार? त्यामुळे काळोखा तंबू, औषधांच्या बाटल्या, पाणी, सगळे लवाजम्यासारखे बरोबर न्यायचे. शिवाय फोटो मोठा हवा तर काचही तेवढीच मोठी, कारण ती कागदावर ठेवूनच छपाई होई. कोरड्या प्लेटा सर्रास मिळू लागल्या त्या १८८० च्या आसपास.

त्यांना उत्तेजन दिले ते तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि सर हेन्री डेली यांनी. डेलींच्या नावाचे कॉलेज इंदुरात आजही आहे. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांनी १८८२ मध्ये त्यांना बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर नेले आणि त्या फोटोंचे 'फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८८६ साली निघाले. त्यांतले ग्वाल्हेरचे वा खजुराहोचे एखादे चित्र पाहा. खांब सरळ उभे, कुठे तिरकेपणा नाही, पायरीन् पायरी मोजून घ्यावी. हा माणूस ड्रॉइंग बोर्डावरून उठून आलेला आहे, हे मला तरी त्यांच्या दरबारी फोटोंपेक्षा इथे जास्त दिसते.

मग त्यांनी दोन वर्षांची रजा घेतली आणि शेवटी नोकरीच सोडली. कायम नोकरी सोडणे म्हणजे काय, हे आम्हा गोंयकारांना वेगळे सांगायला नको. घरात नुसता विषय काढून पाहावा! १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीची सनद मिळाली, १८९६ ला मुंबईत स्टुडिओ निघाला. १९०५ साली ते वारले.

१९८९ मध्ये त्यांची २८५७ काचेची निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतली. 'राजा' ही पदवी निजामाची, नंतरची. आधीच्या फोटोंच्या कोपऱ्यात काचेवरच घातलेला नंबर असतो, आणि शेजारी नुसते 'लाला दीनदयाळ'. फायलीला नंबर घालावा, तसा.