ब्रेकआधीच्या अडीच सेकंदांची कुळकथा

पुण्याच्या सातारा रस्त्याने एक एसटी ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने स्वारगेटकडे येते आहे आणि दुभाजकावरून कुणीतरी एकदम रस्त्यात उतरतो. ड्रायव्हरला तो दिसल्यापासून ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंत जो वेळ जातो, तो आपल्याकडे रस्त्यांची आखणी करताना अडीच सेकंद धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत हा आकडा आहे. तेवढ्यात गाडी जवळजवळ २८ मीटर पुढे आलेली असते. ब्रेक लागून ती थांबेपर्यंत आणखी सुमारे १७ मीटर, म्हणजे एकूण ४५. वळणावर किंवा चढावर समोरचा रस्ता कुठपर्यंत दिसला पाहिजे, हे या हिशेबावरून ठरतं.

माणसाच्या पाहण्यात आणि करण्यात अंतर असतं व ते मोजता येतं, ही कल्पना मात्र रस्त्यावर जन्मली नाही. तिचं मूळ वेधशाळेत आहे.

ग्रिनिचच्या वेधशाळेत १७९६ साली डेव्हिड किनेब्रुक नावाच्या मदतनिसाची नोकरी गेली. दुर्बिणीतल्या तारेवरून तारा कधी सरकला, हे घड्याळाचे ठोके कानाने ऐकत टिपायचं, हे त्याचं काम. त्याच्या नोंदी राजज्योतिषी मॅस्कलीन यांच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने उशिराच्या निघत. मॅस्कलीन यांनी तो कामातला दोष मानला. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी या जुन्या नोंदीत लक्ष घातलं आणि नावाजलेल्या निरीक्षकांच्या वेळा एकमेकांशी ताडून पाहिल्या. मुरलेल्या निरीक्षकांतही फरक निघाला. त्याला ‘वैयक्तिक समीकरण’ असं नाव पडलं. खगोलशास्त्राला हा फरक फक्त वजा करून टाकायचा होता. ताऱ्यांचा हिशेब त्याने बिघडत होता, एवढाच त्याचा खगोलशास्त्राशी संबंध.

तोच फरक शरीरशास्त्राने अभ्यासाचा विषय केला. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. तो सेकंदाला तीसेक मीटर निघाला. हा वेग मोजण्यापलीकडचा आहे, अशी तोवर मोठमोठ्यांची समजूत होती. हिप नावाच्या घड्याळजीने सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारं यंत्र बनवलं. १८६८ मध्ये नेदरलँड्समधले डोंडर्स, हे डोळ्यांचे डॉक्टर, एक पाऊल पुढे गेले. एकाच खुणेला एकच ठरलेला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ त्यांनी मोजला. मग दोन खुणांतली कोणती आली ते ओळखून प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ मोजला. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतो तो मनाने निवड करायला घेतलेला वेळ. हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली काम केलेले वुन्ट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हा असे प्रयोग तिथे नेमाने होऊ लागले.

प्रयोगशाळेतून हा विषय रस्त्यावर आणला वुन्ट यांचे विद्यार्थी ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी. अमेरिकेत ट्रामच्या अपघातांनी कंपन्या हैराण झाल्या होत्या. १९१२ च्या सुमारास हार्वर्डमध्ये त्यांनी ट्रामचालकांसाठी चाचणी तयार केली. तिच्यात चालकापुढून रस्त्याची नक्कल असलेला तक्ता सरकत जाई आणि रुळांकडे येणारा धोका त्याला हेरावा लागे. नुसती चपळाई पुरत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. कोण कुठून कुठे निघाला आहे, याचा अंदाज सतत बांधत राहणं हेच चालकाचं खरं काम.

म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी कोलकाता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा पाया घातला. १९१६ पासून तिथे हा विषय स्वतंत्र विभागात शिकवला जाऊ लागला. चालक पारखणारी चाचणी आज आपल्याकडेही आहे: रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायचं तर उमेदवाराला संगणकावरची अभियोग्यता चाचणी द्यावी लागते आणि तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ टी-गुण लागतात. ग्रामीण महाराष्ट्रातली कितीतरी मुलं त्यासाठी क्लास लावतात.

सिव्हिलची मुलं वाहतूक अभियांत्रिकीच्या पेपरासाठी ‘पीआयईव्ही’ पाठ करतात. दिसणं, उमगणं, भावना उठणं आणि कृतीचा निश्चय होणं, असे त्या अडीच सेकंदांचे चार टप्पे. डांबर, खडी आणि उताराच्या सूत्रांमध्ये ‘भावना’ हा एक टप्पा बसलेला आहे.

पण घड्याळाने मन कुठवर मोजता येतं, याची मर्यादाही स्वारगेटनेच पाहिली. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी एका एसटी ड्रायव्हरने इथल्या आगारातून बस परस्पर बाहेर काढली, शहरभर बेफाम पळवली आणि ९ जणांचे प्राण घेतले. बस चालवण्याचं कसब त्याच्यात होतंच. वाद झाला तो त्याच्या मनःस्थितीवर, आणि तो न्यायालयात गेला. बचावाचा आधार होता तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४; त्याच्या मागे १८४३ चा इंग्लंडमधला मॅक्नॉटन खटला आहे. आपण काय करतो आहोत, किंवा ते गैर आहे, हे त्या क्षणी आरोपीला मनोविकलतेमुळे कळत नव्हतं का, एवढंच हे कलम विचारतं. हा बचाव न्यायालयांनी स्वीकारला नाही. फाशीची शिक्षा झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. नव्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम २२ म्हणून आली आहे.

मानसशास्त्राचा इतर शास्त्रांशी संबंध काय, असं परीक्षेत विचारतात. या अडीच सेकंदांपुरतं उत्तर असं की, मोजण्याजोगं मन आधी खगोलाला खुपलं, शरीरशास्त्राने ते मोजायला घेतलं आणि त्यातून मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे अभियंत्याने आणि न्यायाधीशाने आपापला प्रश्न तिच्यापुढे ठेवला.

आता पाळी ड्यूटीचा तक्ता लावणाऱ्याची. अपुऱ्या झोपेने प्रतिक्रिया मंदावते, हे निर्विवाद सिद्ध झालेलं आहे आणि अडीच सेकंदांचा हिशेब जाग्या ड्रायव्हरवर बेतलेला आहे. भरतीच्या वेळी त्याची एकदा चाचणी घ्यायची आणि मग त्याच्या विश्रांतीकडे डोळेझाक करायची, तर ४५ मीटरचा आकडा मानकाच्या पुस्तकातच राहील.