रासायनिक बाधेचे दीर्घकालीन विकार
युद्धात अथवा युद्धाच्या तयारीत विषारी रसायनांशी संपर्क आलेल्या सैनिकांमध्ये, तात्कालिक लक्षणे ओसरल्यानंतर कित्येक महिन्यांनी वा वर्षांनी उद्‌भवणाऱ्या विकारांचा या विषयात समावेश होतो. त्यांच्या अपत्यांतील जन्मजात दोषांचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. जुनाट खोकला, धाप, त्वचेचे विकार, सतत थकवा, सांधेदुखी, स्मरणशक्तीचा ऱ्हास ही सामान्यतः आढळणारी लक्षणे होत. यांपैकी बरीच लक्षणे अन्य कारणांनीही उद्‌भवत असल्यामुळे त्यांचा रसायनाशी असलेला संबंध सिद्ध करणे कठीण जाते आणि ते विकार ‘अस्पष्ट’ या सदरात टाकले जातात. रासायनिक कारखान्यांलगतच्या नागरी वस्त्यांतही हाच प्रश्न उपस्थित होतो. मुंबईतील चेंबूर–गोवंडी परिसर हे त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. या विकारांचा उलगडा होणे वा न होणे हे वैद्यकीय ज्ञानाइतकेच, बाधेच्या वेळी तिची नोंद झाली होती की नाही यावर अवलंबून राहिले आहे.

पहिले महायुद्ध : २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायूचा मोठ्या प्रमाणावर प्रथम वापर केला. त्यानंतर चारच दिवसांनी, २६ एप्रिल रोजी, हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनने याच आघाडीवर चढाई केली. त्यांच्यावरही वायू सोडण्यात आला. त्या वेळी सैनिकांजवळ वायुरोधक मुखवटे नव्हते. ओले फडके तोंडावर बांधणे एवढाच उपाय होता. या लढाईतील शौर्याबद्दल जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेही वायूने बाधित झाले होते. जुलै १९१७ मध्ये मस्टर्ड वायू प्रथम वापरला गेला. हा वस्तुतः तेलकट द्रव असून त्याच्या संपर्कानंतर काही तासांनी त्वचेवर फोड येतात आणि डोळे व श्वसनमार्ग यांना इजा होते. संपर्क व लक्षण यांत पडणाऱ्या या अंतरामुळे बाधेचे नेमके स्थळ व वेळ सांगणे सैनिकालाही अवघड जाते. १९२५ च्या जिनीव्हा करारान्वये अशा अस्त्रांच्या वापरावर बंदी घालण्यात आली. तथापि त्यांचे उत्पादन, साठा व चाचण्या यांवर ती लागू नव्हती.

रावळपिंडी येथील चाचण्या : १९३० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील पोर्टन डाउन या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडी येथे शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही चालू राहिले. हिंदी माणसाच्या त्वचेवर या वायूचा परिणाम युरोपीय माणसाच्या तुलनेने कमी होतो की अधिक, हे पडताळणे हा त्यांचा एक उद्देश होता. काही प्रयोगांत सैनिकांना अर्धी विजार व सुती सदरा अशा वेषात वायुकक्षात पाठविण्यात आले. अनेकांना तीव्र भाजल्यासारख्या जखमा झाल्या व काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. प्रयोगानंतर या सैनिकांना कोणते आजार झाले, याचा पाठपुरावा लष्कराने केला नाही. ही हकिकत २००७ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांतून जगापुढे आली, तेव्हा घटनांना साठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. पुढील वर्षी, २००८ मध्ये, ब्रिटिश शासनाने पोर्टन डाउन येथील चाचण्यांत सहभागी झालेल्या ३६० ब्रिटिश माजी सैनिकांसाठी ३० लाख पौंडांची रक्कम मान्य केली. संघटित होऊन दावा मांडण्यास ते हयात होते, हा दोहोंतील महत्त्वाचा फरक होय.

अपत्यांचा प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडिंबरो येथे शार्लट आउअरबाख व जे. एम्. रॉब्सन यांनी मस्टर्ड वायूमुळे फळमाशीत आनुवंशिक बदल (उत्परिवर्तने) घडतात, असे दाखविले. रसायनाने आनुवंशिक द्रव्यात बदल होऊ शकतो, याचा हा एक आरंभीचा पुरावा होय. मानवी अपत्यांच्या बाबतीत मात्र असा थेट निष्कर्ष काढणे सोपे नसते. व्हिएटनाममध्ये अमेरिकी सैन्याने १९६२ ते १९७१ या काळात ७ कोटी लिटरांहून अधिक तणनाशके फवारली. त्यांतील ‘एजंट ऑरेंज’मध्ये डायॉक्सिन हे अत्यंत विषारी द्रव्य अशुद्धीच्या रूपात होते. १९९१ च्या कायद्याने अमेरिकेत वेगळी भूमिका घेतली गेली : व्हिएटनाममध्ये सेवा केलेल्या सैनिकाला ठराविक रोग झाल्यास त्याचा रसायनाशी संबंध गृहीत धरावा, असे ठरले. अशा रीतीने सिद्धतेचा भार रुग्णावरून काहीसा उतरला. १९९६ मध्ये, पाठीचा कणा पूर्ण न जुळलेल्या स्थितीत जन्मलेल्या सैनिकांच्या मुलांसाठीही साहाय्याची तरतूद झाली. फवारणी झालेल्या प्रदेशातील व्हिएटनामी कुटुंबांचा दावा मात्र अमेरिकी न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला.

आखाती युद्ध : १९९१ च्या युद्धात भाग घेतलेल्या सु. ७ लाख अमेरिकी सैनिकांपैकी एकचतुर्थांश वा त्याहून अधिक जणांना पुढे दीर्घकालीन विकार जडले. प्रारंभी मानसिक ताण हेच त्यांचे कारण मानण्याकडे कल होता. मार्च १९९१ मध्ये इराकमधील खामिसिया येथे सैन्याने उडवून दिलेल्या दारूगोळ्यात तंत्रिकांवर परिणाम करणारा सारीन वायू होता, हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९६ मध्ये मान्य केले. आपण बाधित झालो असू, हे सैनिकांना पाच वर्षांनी समजले.

१९९३ च्या रासायनिक अस्त्रबंदी कराराने उत्पादन व साठा यांवरही बंदी घातली. तो १९९७ मध्ये अंमलात आला. भारताने त्या वर्षी १,०४४ टन मस्टर्ड वायूचा साठा जाहीर केला व २००९ पर्यंत तो नष्ट केला.

भोपाळ व मुंबई : २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे झालेल्या मिथिल आयसोसायनेट वायूच्या गळतीने हा प्रश्न रणभूमीबाहेर, नागरी वस्तीत आणला. मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयातील डॉ. सु. रा. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११३ बाधितांची तपासणी करून फुप्फुसांतील बदलांविषयीची निरीक्षणे १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतलेला बाधितांचा दीर्घकालीन अभ्यास १९९४ मध्ये थांबला. त्यामुळे पुढील पिढीविषयीच्या नोंदींत मोठा खंड पडला.

कामत यांच्या गटाने त्यापूर्वीच, १९७७ पासून, मुंबईतील परळ, चेंबूर व खार हे तीन विभाग आणि एक ग्रामीण भाग यांतील ४,१२९ व्यक्तींची पाहणी केली होती. हवेत सल्फर डाय-ऑक्साइड अधिक असलेल्या भागांत खोकला व धाप यांचे प्रमाण अधिक आढळले. चेंबूर–तुर्भे पट्ट्यात १९५४ व १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पुढे औष्णिक वीजकेंद्र व खत कारखाना यांची भर पडली. लगतच्या गोवंडीत १९२७ पासून देवनारची कचराभूमी आहे. १९७० नंतरच्या दशकात शहराच्या अन्य भागांतून हटविलेल्या कुटुंबांना याच परिसरात वसविण्यात आले. जानेवारी २०१६ मध्ये कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर अनेक दिवस शहरावर पसरला होता.

जवळच्या माहुल येथे के. ई. एम्. रुग्णालयाने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत ६७.१% रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे, तर ८६.६% जणांनी डोळ्यांची आग होत असल्याचे सांगितले. ही पाहणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आली आणि तेथील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये नमूद केले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पग्रस्तांना त्यांच्या इच्छेविरुद्ध माहुलला पाठविण्यास मनाई केली आणि पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा १५,००० रु. भाडे देण्याचा आदेश दिला.

रावळपिंडीचा सैनिक आणि माहुलचा रहिवासी यांच्या तक्रारींचे स्वरूप बरेचसे सारखे आहे. पहिल्याच्या प्रकृतीची पुढील नोंद कोणी ठेवली नाही. दुसऱ्याची नोंद एका सार्वजनिक रुग्णालयाने केली व न्यायासनापुढे तीच पुरावा ठरली. बाधितांची नावे, संपर्काची तारीख, रसायनाचे नाव व पुढील पिढीपर्यंत चालणारी नियमित तपासणी यांचे दप्तर ठेवणे हा म्हणूनच या विकारांवरील उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.