बटण बंद, तार जिवंत

साधे विद्युतमंडल शिकवताना आपण कळ उघडतो, दिवा विझतो आणि 'मंडल खंडित झाले' असे सांगतो. ते बरोबरच आहे. पण विद्यार्थी मनाशी आणखी एक निष्कर्ष काढतो : आता तारेला हात लावायला हरकत नाही. हा निष्कर्ष प्रसंगी जिवावर बेततो. विजेच्या इतिहासात माणसाला तो पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागला आहे.

पहिला धडा फार जुना आहे. १७४५ मध्ये पोमेरानियात क्लाइस्ट यांना आणि त्यानंतर थोड्याच काळात हॉलंडमधील लायडेन येथे मुशेनब्रुक यांना असे आढळले की, काचेच्या बरणीत विद्युतभार साठवता येतो. घर्षणयंत्रापासून बरणी बाजूला केली तरी ती जोराचा झटका देई. उगम तुटला तरी भार उरतो, हे तेव्हा कळले. आजचा कंडेन्सर हा त्याच बरणीचा वंशज. म्हणूनच मोठ्या कंडेन्सरच्या पेटीवर 'बंद केल्यावर थोडा वेळ थांबा' अशी सूचना लावतात.

दुसरा धडा घराघरांतला. बटण चुकून फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेत बसवले, तरी ते बंद केल्यावर दिवा विझतोच. होल्डरपर्यंत फेज मात्र तशीच पोचलेली असते. दिवा बदलणाऱ्याला हे कळणार कसे? भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनी यावर दोन बंधने घातली. एक, न्यूट्रलची तार जिवंत तारेपासून वेगळी ओळखू येईल अशी कायमची खूण हवी. दोन, एकट्या न्यूट्रलमध्ये स्विच किंवा फ्यूज बसवायचा नाही.

तिसरा धडा दोन वाटांचा. एखाद्या उपकेंद्राला दोन बाजूंनी वीज येत असेल, तर एक बाजू बंद करून भागत नाही. अशी ठिकाणे कायमच्या खुणेने वेगळी दाखवावीत, अशी अटही नियमांत आली. १९५६ च्या नियमांची जागा २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली, तरी ही अट टिकून राहिली.

कारखान्यातील यंत्रांत हाच प्रश्न एका पेटीत सामावतो. यंत्राचा मेन स्विच बंद केला तरी दुरुस्तीच्या वेळी लागणारा पेटीतील दिवा चालू राहावा लागतो, म्हणून त्याची तार मेन स्विचच्या आधीच काढून घेतात. शेजारच्या यंत्राकडून येणारी नियंत्रणाची तारही अशीच जिवंत राहते. यंत्रांच्या जोडणीसाठी असलेल्या आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकात अशा तारांसाठी नारिंगी रंग सुचवलेला आहे. अमेरिकेच्या एनएफपीए ७९ या मानकात पूर्वी पिवळा रंग होता. पुढे तिथेही नारिंगी आला. वायरमन कुठलाही असो, खूण एकच असेल तर ती उपयोगाची, हे यामागचे कारण.

आता हा प्रश्न छपरावर येऊन बसला आहे. सौरपट्ट्या असलेल्या इमारतीचा मेन स्विच बंद केला, तरी पट्ट्यांपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत ऊन असेतो काहीशे व्होल्टचा दाब असू शकतो. सूर्याला बटण नाही! आग विझवायला आलेल्या जवानाला हे सांगणारी पाटी तिथे नसेल, तर त्याने कशावर विसंबावे?

खूण करणाऱ्याला धोका ठाऊकच असतो. ती असते नंतर येणाऱ्या, आपल्या ओळखीच्या नसलेल्या माणसासाठी. पाटी वाचल्यावरही, आणि पाटी नसतानाही, तार योग्य उपकरणाने तपासल्याशिवाय मृत मानू नये, हे त्याच्याइतकेच आपणही लक्षात ठेवायला हवे.

आपल्या शाळेत इन्व्हर्टर, जनित्र किंवा सौरपट्ट्या असतील, तर वायरमनला बोलावून विद्यार्थ्यांसमोर एकच प्रश्न विचारू या : मेन स्विच बंद केल्यावर कोणत्या तारा जिवंत राहतात? पेटीला कोणी हात लावायचा नाही. उत्तर मात्र मराठीत, ठळक अक्षरांत लिहून पेटीच्या दारावर लावू या.